22 चित्रांत 4 सेकंद: लोकलच्या खिडकीतला अ‍ॅनिमे शॉट

एका सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 4 सेकंदांना 96. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायला बसलेला माणूस पहिल्या सेकंदातच हात टेकतो. जपानी टीव्ही अ‍ॅनिमेशन उभं राहिलं तेच मुळी हा आकडा खाली आणण्यावर. जानेवारी 1963 पासून ओसामु तेझुका यांचा मुशी प्रॉडक्शन हा स्टुडिओ दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देऊ लागला. तेव्हापासून तिथे एक शिस्त रुळली: एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, पात्र बोलत असेल तर तेवढं तोंडच बदलायचं आणि काढलेलं चित्र जपून पुन्हा वापरायचं. काय हलवायचं आणि काय मुकाट ठेवायचं, हे पेन्सिल उचलण्याआधी ठरलेलं असतं. नवशिक्यांचं बहुतेक काम इथेच फसतं. हात कच्चा असतो म्हणून ते फसत नाही, हिशेब केलेला नसतो म्हणून फसतं.

आपला शॉट असा. पावसाळा, दुपारची लोकल. खिडकीशी बसलेली मुलगी बाहेर बघतेय. कुणीतरी (चित्राबाहेरून) विचारतं, "कुठे उतरणार?" ती मान वळवते आणि सांगते, "दादरला उतरणार." बस, एवढंच.

सामान महाग लागत नाही. 75 किंवा 80 जीएसएमचा ए4 कागद, एचबी पेन्सिल, एक लाल, एक निळी आणि ऑफिसात असतो तो दोन भोकांचा पंच. या पंचची भोकं 6 मिलिमीटरची असतात आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर 8 सेंटिमीटर असतं. तेवढ्याच अंतरावर 6 मिलिमीटर जाडीचे दोन छोटे दांडके एका पट्टीवर घट्ट चिकटवले की पेग बार (सगळे कागद एकाच जागी धरून ठेवणारी पट्टी) तयार. कागद त्यात बसायला किंचित जोर लागला पाहिजे. सैल बसला तर पात्र पडद्यावर थरथरतं, आणि ती थरथर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण जात नाही. भोकं कागदाच्या वरच्या लांब बाजूला पाडा. जपानी पद्धतीत पेग वरच असतो आणि कागद खालून उलटत हालचाल तपासतात.

लाइट बॉक्ससाठी (खालून उजेड देऊन खालच्या कागदावरचं चित्र दाखवणारी पेटी) मुंबईतल्या लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून 12 वॉटचं चपटं एलईडी पॅनेल आणा. नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे दुधी अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यातला 5 मिलिमीटर जाडीचा ए3 तुकडा त्यावर ठेवायचा. पातळ घेऊ नका, हाताच्या दाबाने वाकतो.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कागदच दगा देतो. हवेतली ओल शोषून तो फुगतो, आणि दोन्ही बाजूंना सारखा फुगत नाही. तंतू ज्या दिशेने असतात त्याच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. म्हणून रीममधून आत्ता काढलेला कोरडा कागद आणि कालपासून टेबलावर पडलेला कागद एकाच पेगवर लावले तर रेषा अर्धा-एक मिलिमीटर सरकलेली दिसते. शॉटला लागतील तेवढे सगळे कागद, वर 10 जास्तीचे, आदल्या रात्री एकत्र बाहेर काढून ठेवा, सकाळी एकाच बैठकीत पंच करा आणि काम नसेल तेव्हा सगळा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. घामट हाताखाली कायम एक कोरा कागद असू द्या.

आता चौकट. आडव्या ए4 वर 24 बाय 13.5 सेंटिमीटरचा आयत आखा. हा आपला पडदा. एका कागदावर काळ्या रेषेने आखून सगळ्यात खाली ठेवला की पुरतो, प्रत्येक चित्रावर आखत बसू नका.

पहिली रेष मारण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात एक बाण काढा: गाडी कुठे चाललीय? समजा, उजवीकडे. मग खिडकीबाहेरचं दृश्य डावीकडे पळणार, केसांच्या बटा डावीकडे उडणार आणि पावसाच्या रेषा वरून उजवीकडून खाली डावीकडे तिरप्या पडणार. तिघांची दिशा एकच. यातलं एक जरी उलटं झालं, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गाडी उभी आहे असं वाटत राहतं. मान वळल्यावर तर हे हमखास बिघडतं: चेहरा फिरला म्हणून आपण नकळत बटाही फिरवतो. वारा खिडकीतून येतो, चेहऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

चित्रांचा हिशेब टाइमशीटवर, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र ते सांगणाऱ्या तक्त्यावर, मांडायचा. जपानी स्टुडिओंतला छापील तक्ता 6 सेकंदांचा असतो. तुम्हाला चौकटीच्या वहीचं एक पान चालेल. उभ्या ओळीत 1 ते 96, आडवे रकाने थरांचे (चेहरा, बटा, तोंड असे वेगवेगळ्या कागदांवर काढून एकावर एक ठेवायचे भाग).

चेहऱ्याची पाच चित्रं. पहिलं, बाहेर बघणारं, फ्रेम 1 ते 36. दुसरं 37 ते 39, तिसरं 40 ते 42, चौथं 43 ते 45. पाचवं, आपल्याकडे बघणारं, 46 पासून शेवटपर्यंत. पहिलं आणि पाचवं ही मुख्य चित्रं, जपानीत गेंगा. मधली तीन म्हणजे दोगा. प्रश्न 7 ते 30 मध्ये ऐकू येतो, मान 37 ला हलते. मधल्या 6 फ्रेम म्हणजे प्रश्न कानातून डोक्यात शिरायला लागणारा वेळ. त्या काढून टाकल्या तर मुलगी प्रश्नाची वाटच बघत बसली होती असं वाटतं.

मान सरळ रेषेत वळत नाही, हनुवटी मध्ये थोडी खाली जाऊन वर येते. म्हणून तिसऱ्या चित्रात हनुवटी 3-4 मिलिमीटर खाली घ्या. डोळे दुसऱ्या चित्रात अर्धे, तिसऱ्यात मिटलेले, चौथ्यात पुन्हा अर्धे. वळताना पापणी मिटणं स्वाभाविक तर आहेच, शिवाय अवघड कोनातली बुबुळं काढण्यातून सुटका होते. अंतरं सारखी ठेवू नका: दुसरं चित्र पहिल्याच्या जवळ, चौथं पाचव्याच्या जवळ, मोठी उडी मधे. सारख्या अंतराने वळलेली मान यंत्रासारखी फिरते.

मधल्या चित्रात डोकं मोठं होणं ही सगळ्यांची चूक. त्यावर जपानी स्टुडिओंतला ताप्पुवारी हा उपाय शिकून घ्याच. दोन्ही मुख्य चित्रं पेगवरून काढा. लाइट बॉक्सवर एकावर एक अशी सरकवा की दोन्हीतली कवटी शक्य तितकी जुळेल. वर कोरा कागद असा ठेवा की त्याची भोकं खालच्या दोन कागदांच्या भोकांच्या बरोबर मधोमध येतील. तिन्ही कागद टेपने चिकटवा. आता मधलं चित्र काढायचं म्हणजे जवळजवळ जुळलेल्या दोन रेषांमधून एक रेष ओढायची. डोळ्यांचं अंतर, कपाळाची उंची, सगळं आपोआप राखलं जातं. टेप काढून कागद पेगवर लावला की डोकं बरोबर आपल्या मधल्या जागेवर बसतं. हनुवटीचा झुकाव हवा असेल तर चिकटवण्याआधीच कोरा कागद तेवढा वर सरकवा. भोकं वर गेली की पेगवर चित्र तेवढंच खाली उतरतं.

पात्र आखताना एक गुणाकार डोक्यात असू द्या. वेणीत 20 कळ्यांचा गजरा काढलात तर पाच चित्रांत 100 कळ्या होतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी चित्रागणिक जागा बदलून चुळबुळ करतात. एकच पट्टी, तिला पाच उंचवटे आणि निळ्या पेन्सिलने सावलीची एक रेघ: डोळा गजरा बघतो. फुलाफुलांचा कुडता तर नकोच.

बटांचं चक्र वेगळ्या कागदावर. पहिल्या चेहऱ्यासाठी चार चित्रं, पाचव्यासाठी चार, प्रत्येक 3 फ्रेम. चार चित्रं 12 फ्रेममध्ये संपतात, म्हणून 36 मध्ये बरोबर तीन फेऱ्या होतात आणि मान वळते तिथे चक्र तुटत नाही. मधल्या तीन चित्रांत बटा चेहऱ्याच्याच कागदावर काढा. चक्र 1-2-3-4-1 असंच फिरवायचं. 1-2-3-2 केलंत तर बट पंख्यासारखी मागेपुढे होते. लाट मुळापासून सुरू होते आणि टोकातून निघून जाते. प्रत्येक चित्रात फुगवटा थोडा पुढे सरकलेला हवा.

तोंडं तीनच: मिटलेलं, अर्धं, पूर्ण उघडं. जपानमध्ये आवाज बहुधा चित्रानंतर भरतात, त्यामुळे तिथे तोंडाची नुसती उघडझाप चालून जाते. मराठी वाक्यासाठी आवाज आधी फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यावर मोजा. "दादरला उतरणार" साधारण 30 फ्रेमचं. 55 ते 57 अर्धं, 58 ते 60 पूर्ण (दा), 61 ते 63 अर्धं (दर), 64 ते 66 पूर्ण (ला), 67 ते 69 मिटलेलं (उ, कारण ओठ आवळतात), 70 ते 75 अर्धं (तर), 76 ते 81 पूर्ण (णा), 82 ते 84 अर्धं (र), मग मिटलेलं. पूर्ण उघडं सलग दोनदा येऊ देऊ नका. आणि स्टेशन बदललंत तर सांभाळा: परळ, भायखळा, माटुंगा यांच्या पहिल्या अक्षराला ओठ मिटावेच लागतात, निदान 2 फ्रेम. तिथे उघडं तोंड ठेवलं तर जुळवणी लगेच उघडी पडते.

बेरीज: चेहरे 5, बटा 8, तोंडं 3, धड 1, गजांसकट खिडकी 1, पाऊस 4. एकूण 22. पावसाची चार चित्रं 2-2 फ्रेम दाखवायची, पण क्रम सतत बदलून. ठरावीक क्रम डोळा दुसऱ्याच सेकंदात पकडतो.

बाहेरचं दृश्य दोन लांब पट्ट्यांवर रंगवा. लांबच्या इमारती फ्रेममागे 4 पिक्सेल सरकल्या की 96 फ्रेमना 384 पिक्सेल लागतात. पट्टी तेवढी जास्त लांब हवी. जवळचा खांब शॉटमध्ये एकदाच, फार तर दोनदा जाऊ द्या, कडा पुसट करून. पात्र 3-3 फ्रेमवर असलं तरी सरकणारं दृश्य प्रत्येक फ्रेमला सरकलं पाहिजे, नाहीतर ते अडखळतं. आणि पात्राचे सगळे थर दर 6 फ्रेमला 1 पिक्सेल वर-खाली करा. कष्ट काहीच नाहीत, आणि डब्याला चाकं लागल्यासारखं वाटतं.

स्कॅन 300 डीपीआयवर, पेग बार स्कॅनरच्या कडेला टेपने पक्का करून. फोनने फोटो काढू नका, कोन बदलतो. रंगासाठी ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर घ्या: जपानचा स्टुडिओ घिबली जे टून्झ वापरायचा, त्यावर आधारलेलं, 2016 पासून मोफत. आधी रेषा शुद्ध काळी-पांढरी करा, राखाडी कडा राहिल्या तर रंग आणि रेष यांच्यात पांढरी किनार दिसते. रंग बाहेर सांडत असेल तर रेषेत फट आहे. केसांची टोकं आणि कानामागची जागा पहिल्यांदा तपासा. त्वचेला मूळ रंग आणि सावली, दोनच छटा. जपानी फिकट गुलाबी रंग उचलू नका; 198, 142, 105 (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) च्या आसपासचा गव्हाळ घ्या आणि ढगाळ उजेडासाठी सावली काळपट करण्याऐवजी जांभळटाकडे झुकवा, 150, 100, 98 सारखी. उजेड खिडकीकडून येतो, त्यामुळे मान वळली की सावलीची हद्दही गालावरून सरकते. लाल पेन्सिलने चमकेची आणि निळीने सावलीची रेष आधीच आखलेली असेल तर इथे विचार करावा लागत नाही.

शेवटी व्हिडिओ काढताना फ्रेम रेट 24 आहे ना, ते स्वतः बघा. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप्स न विचारता 30 करतात. मग काही फ्रेम दोनदा येतात, आणि नेमका तो सुरळीत सरकणारा बाहेरचा देखावा धक्के खायला लागतो.