निवडणुकीच्या काळात उपासनेतली प्रार्थना: माइकवर काय, बंद दाराआड काय

निवडणूक जवळ आली की चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतली देशासाठीची प्रार्थना हमखास लांबते आणि बघता बघता तिचं भाषण होतं. प्रार्थना चालवणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात, पण वाक्यं बाकांवर बसलेल्या मतदारांसाठी असतात. हे टाळायचं तर तयारी शनिवारीच करावी लागते.

आधी घरी, एकट्याने प्रार्थना करा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात येशूने खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं, ते चौकात उभं राहून दाखवण्यापुरती प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलताना. सरकारवरचा राग, उद्याची भीती, अमुक उमेदवार पडावा ही इच्छा, सगळं तिथे नाव घेऊन बोला. बायबलमधली स्तोत्रं लिहिणाऱ्यांनीही देवापुढे राग लपवलेला नाही. हा टप्पा गाळला की तोच राग रविवारी पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर उतरतो.

मग प्रार्थना लिहून काढा. तीन मिनिटं पुरतात. सावकाश वाचलं तर त्यात साधारण तीनशे शब्द बसतात. आधी उपकारस्तुती, मग पापांगीकार, मग विनंत्या. पापांगीकारात दुसऱ्यांची पापं मोजू नका. पाकीट घेऊन मत दिलं, जात बघून मत दिलं, हे आपल्याच मंडळीत घडत असेल तर तेच कबूल करा. विनंत्यांसाठी बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं 1 तीमथ्य 2:1-2 समोर ठेवा. पौल राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, आणि तेव्हाचे राजे काही ख्रिस्ती नव्हते. म्हणून व्यक्तींची नव्हे, पदांची नावं घ्या: मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, बंदोबस्तावरचे पोलीस, मतदान केंद्रावर रात्र काढणारे शिक्षक.

आता प्रत्येक वाक्य तपासा. ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे की या सरकारने पाच वर्षांत काहीच केलं नाही’ हे वाक्य घ्या. देवाला ठाऊक आहे, तर ते सांगताय कोणाला? त्याऐवजी ‘आमच्या तालुक्यात ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना सांभाळ, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना न्यायाने वागायला लाव’ असं म्हणा. दुसऱ्या पक्षाला मत देणारा शेजारीही त्यावर मनापासून आमेन म्हणू शकेल. मात्र सगळ्यांना चालेल म्हणून प्रार्थना गुळमुळीत करू नका. हल्ला झालेली वस्ती, तुरुंगात विनाचौकशी पडलेला माणूस, यांचं दुःख स्पष्ट शब्दांत मांडायलाच हवं.

कायद्याचंही भान ठेवा. आदर्श आचारसंहितेनुसार चर्च, मंदिर, मशीद प्रचारासाठी वापरता येत नाही. धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्ध 1988 चा स्वतंत्र कायदा आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) धर्माच्या आधारे मत मागणं भ्रष्ट आचरण ठरवतं. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. थोडक्यात, ‘आपल्या माणसाला निवडून आण’ ही विनंती माइकवर नकोच.

उमेदवार उपासनेला आलाच तर इतरांसारखं बाकावर बसू द्या. स्वागत, हार, दोन शब्द, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, यातलं काहीही उपासनेत नको. त्याने प्रार्थना मागितली तर उपासनेनंतर पाळकांच्या खोलीत करा, फोटो न काढता. इथेच बहुतेक मंडळ्या घसरतात, कारण समोर आलेल्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाने आधीच ठराव करून ठेवावा, म्हणजे एकट्या पाळकावर भार येत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना गटाला घरची खोली समजू नका. तिथला मजकूर पुढे जातोच. कोणाचा आजार, कोर्टातली केस किंवा पोलिसांचा त्रास तिथे टाकण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढंच लिहा.