वायू टर्मिनल येणार? मोहोराआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या

गावाजवळ द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल प्रस्तावित असेल, तर आंबा-काजूची बाग आणि विहीर आज कशी आहे याचा लेखी पुरावा याच महिन्यात तयार करा. पाणी मचूळ झाल्यावर बागायतदार धावतात आणि पहिला प्रश्न येतो, 'आधी किती होतं?' कागद नसतो. दावा तिथेच संपतो.

प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालासाठी बहुधा एकाच हंगामातले, पावसाळा वगळून नमुने घेतात. डिसेंबर-जानेवारीत घेतले तर विहिरी गोड्याच दिसणार. खारेपणा चढतो एप्रिल-मेमध्ये. जेट्टीसाठी खाडीचं तोंड खोल केलं की भरती आणखी आत येते. उपसलेला गाळ कातळावर टाकला तर पावसात त्यातलं मीठ खालच्या विहिरींत उतरतं. गाळ कुठे टाकणार, हे अहवालात आधी शोधा.

म्हणून नमुना दोनदा घ्या: आता आणि मेमध्ये. थोडा वेळ पंप चालू ठेवा, एक लिटरची प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख व गट क्रमांक लिहा. प्रयोगशाळेला विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) आणि क्लोराइड तपासायला सांगा. वाहकता दर मीटरला 2.25 डेसिसायमनच्या वर म्हणजे सिंचनाला फार खारं. पिण्यासाठी क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. पावती जपा.

सोबत:
- माती: 0-30, 30-60, 60-90 सेंमी, वेगळ्या पिशव्यांत
- ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पीकनोंद) आंबा-काजूची झाडं. सातबारावर नसतील तर भरपाईत मोजणार कोण?
- मोहोराचे तारखेसह फोटो
- पालवीवर तुडतुडे असतील तर फवारणी: डेल्टामेथ्रीन 2.8 टक्के, 10 लिटरला 9 मिली
- भुरी: 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम

पानं काळी पडली की 'वायूचा धूर' म्हणून महागडं टॉनिक गळ्यात मारतात. घेऊ नका. चिकट काळेपणा बहुतेक वेळा तुडतुडे सोडतात त्या चिकट गोड द्रवावर वाढलेल्या बुरशीचा असतो. नैसर्गिक वायूच्या ज्वलनात काजळी फारच कमी, चिंता नायट्रोजन ऑक्साइडची. प्रकल्पाच्या जनसुनावणीत काजळीची तक्रार मांडलीत तर कंपनीचे सल्लागार ती सहज खोडतील आणि तुमचं खरं म्हणणंही पडेल. बांधकामाची लाल धूळ मात्र खरी. रस्त्याकडच्या झाडांवर ती बसली की फळधारणा घटते, असा आमचा अंदाज आहे. नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर पाणी मारण्याची अट लेखी मागा.

2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यमापन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो, सारांश मराठीतही असतो. पाणी तपासणीच्या प्रती जोडून हरकत द्या, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. तुमचा मुद्दा त्यात आल्याशिवाय उठू नका.

तुमच्या जमिनीतून वायूवाहिनी जाणार असेल तर अशा वाहिन्यांसाठीच्या 1962 च्या कायद्याखाली हरकतीला फक्त 21 दिवस मिळतात. जमीन तुमचीच राहते, पण वाहिनीच्या पट्ट्यात पुन्हा आंबा लावता येत नाही.