हरमलला लाटा, केरीपर्यंत पायपीट

गोव्यातल्या हरमलला सर्फिंगला (फळीवरून लाटांवर स्वार व्हायला) ऑक्टोबर ते मे जा. पावसाळ्यात समुद्रात उतरायचंच नाही. शिकताना 8-9 फुटी मऊ सर्फबोर्ड घ्या, बोर्डाची दोरी मागच्या पायाला बांधा. बोर्डाचं नाक पाण्यात घुसतंय? फार पुढे झोपलाय, वीतभर मागे सरका. फार मागे गेलात तर नाक वर उठतं नि लाट खालून निघून जाते. पाण्याची ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका, त्याला समांतर पोहा.

उत्तरेला गोड्या तळ्याच्या बाजूच्या डोंगरावरून पायवाट केरीला उतरते. चपला घसरतात, बूटच घाला. पुढे तेरेखोलला फेरीबोट.

जेवायला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबऱ्यातली कोशिंबीर, ताटात आल्या आल्या संपवा. ओल्या खोबऱ्यात राहिली की मऊ पडते.