सोसायटीच्या हॉलमध्ये पार्टिझानांचे सिनेमे दाखवायचे असतील तर

सुरुवातीला तुमचा सगळ्यात लाडका सिनेमा लावू नका. त्यावर कुणी काही बोललं की तुम्ही त्याची वकिली करत बसाल आणि चर्चा तिथेच संपेल. ज्याबद्दल तुमच्या स्वतःच्या मनात थोडी कुरबुर आहे, असा निवडा.

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी मी सिनेमा लावते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर चित्रपट रसास्वादाचा वर्ग केला आणि त्यातून हे सुरू झालं. पार्टिझान म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या आपल्याच मुलखात राहून, गावकऱ्यांच्या भाकरीवर, बहुधा गणवेशाशिवाय लढणारे लोक. दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्हिया, बेलारूस, इटली, फ्रान्समध्ये ते लढले आणि पुढे त्यांच्यावर ढीगभर सिनेमे निघाले. यातला जवळजवळ प्रत्येक सिनेमा उघडपणे एक बाजू घेतो. शिवाय हॉलमध्ये बसलेली मंडळीही आपापली बाजू घरून घेऊनच आलेली असतात. आमच्याकडे तीन पक्षांचे कट्टर कार्यकर्ते एकाच रांगेत बसतात. म्हणून तयारी लागते.

किरकोळ गोष्टी आधी उरका. सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या. पंखे बंद करून आवाज तपासा. इंग्रजी सबटायटल वाचायला ज्येष्ठांना त्रास होतो, म्हणून पानभर मराठी कथासार आणि पात्रांची नावं मोठ्या टायपात छापून खुर्च्यांवर ठेवा. त्यात शेवट सांगू नका.

आता मुख्य काम. सिनेमे जोडीने दाखवा. एकटा सिनेमा पाहिला की लोक ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढंच बोलतात. दोन पाहिले की तुलना आपोआप सुरू होते.

माझी पहिली जोडी दोन पुलांची. ‘बॅटल ऑफ नेरेत्वा’ १९६९ सालचा, युगोस्लाव्हियाचा. १९४३ साली कम्युनिस्ट नेते टिटो यांचे पार्टिझान हजारो जखमींना घेऊन नेरेत्वा नदी ओलांडून वेढ्यातून कसे निसटले, त्याची गोष्ट. सरकारचा पूर्ण पाठिंबा, सैन्याने दिलेली माणसं, परदेशी नट, आणि याब्लानित्साला शूटिंगसाठी खराच उडवलेला पूल. त्याचे अवशेष आजही तिथे नदीकाठी पडलेले आहेत. दुसरा ‘ट्रायल ऑन द रोड’, अलेक्सेई गेर्मानचा, १९७१ साली तयार झालेला. यातही पूल आहे. पार्टिझानांनी त्याला सुरुंग लावलाय, जर्मन रेल्वेगाडी जवळ येतेय, आणि त्याच क्षणी पुलाखालून एक मोठी नाव संथपणे सरकू लागते. ती रशियन युद्धकैद्यांनी गच्च भरलेली आहे. पार्टिझानांतला मेजर म्हणतो, उडवा. तुकडीचा प्रमुख उडवू देत नाही. गाडी निघून जाते.

इथे सिनेमा थांबवायचा मोह होतो, पण थांबवू नका. संपल्यावर एवढंच सांगा की पहिल्या सिनेमाला युगोस्लाव सरकारने डोक्यावर घेतलं आणि दुसरा सोव्हिएत सरकारने पंधरा वर्षं डब्यात ठेवला. तो १९८६ मध्ये बाहेर आला. डब्यात ठेवण्याचं कारण, त्याचा नायक एकेकाळी जर्मनांच्या बाजूने लढलेला आणि नंतर पश्चात्तापाने परत आलेला सैनिक आहे. मग विचारा: दोन्ही सिनेमे एकाच बाजूचे, तर एक त्याच्या सरकारला का चालला आणि दुसरा त्याच्या सरकारला का नाही? आमच्याकडे यावर तासभर बोलणं झालं, आणि ज्या काकांना राजकारणाशिवाय विषय नसतो त्यांनीही त्या तासात आजच्या एकाही पुढाऱ्याचं नाव घेतलं नाही.

चर्चेला दोन नियम पुरतात. पहिली पंधरा मिनिटं फक्त पडद्यावर काय दिसलं तेच सांगायचं: कोण कुठे उभं होतं, कॅमेरा कुणाच्या तोंडाजवळ गेला, शत्रूच्या सैनिकाला नाव होतं का. दुसरा नियम कठीण आहे. जे पात्र तुम्हाला सगळ्यात नकोसं वाटलं, त्याची बाजू दोन मिनिटं मांडायची. पुलावरच्या त्या मेजरची बाजू आमच्या एका ताईंनी मांडली: ती गाडी पुढे गेली तर तिच्यातली शस्त्रं आणखी किती गावांवर चालतील, याचा हिशेब तो करतोय. मग तेच हॉलमधल्या सगळ्यांना पटू लागलं, आणि मग पुन्हा ती नाव आठवली.

तुमच्या गटात निवृत्त फौजी असेल तर त्याला जरूर बोलतं करा. पुण्यात असा माणूस नसलेली सोसायटी सापडणं अवघड. आमच्या कर्नलकाकांनी १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या चार अटी सांगितल्या. नियमित सैन्याबाहेरच्या लढवय्याला युद्धकैद्याचा दर्जा हवा असेल, तर त्याच्यावर जबाबदार प्रमुख हवा, दुरून ओळखू येईल अशी कायमची खूण हवी, शस्त्र उघडपणे बाळगलेलं हवं आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत. या चार अटी फळ्यावर लिहून ठेवा. युगोस्लाव सिनेमांत टोपीवरचा लाल तारा लगेच दिसतो. शहरात लढणाऱ्यांना मात्र दुसरी आणि तिसरी अट पाळणं जवळजवळ अशक्य, कारण खूण लावली की मरण.

यावरूनच पुढच्या सिनेमाकडे जाता येतं. ‘बॅटल ऑफ अल्जीअर्स’, १९६६. दिग्दर्शक पोंतेकोर्व्हो स्वतः इटलीत फॅसिस्टांविरुद्ध भूमिगत लढलेला. फ्रेंच राजवटीविरुद्धच्या अल्जीरियाच्या लढ्यातला सेनानी सादी यासेफ याचा निर्मितीत वाटा, आणि तो सिनेमात कामही करतो. म्हणजे बाजू ठरलेली आहे. तीन बायका युरोपीय वेश करून, टोपल्या-पर्समधून बॉम्ब घेऊन फ्रेंच चौक्या ओलांडतात. त्यातली एक कॅफेत बसते, आजूबाजूला पाहते आणि कॅमेरा तिच्या नजरेने एकेक चेहरा दाखवतो. त्यात आइस्क्रीम खाणारं एक लहान मूल आहे. ती पर्स तिथेच ठेवून निघून जाते. आपल्याच बाजूच्या माणसाच्या हातून काय घडतंय ते इतकं जवळून दाखवणं मला फार मोठं वाटतं, आणि म्हणूनच मी हा सिनेमा प्रत्येक नव्या गटाला दाखवते.

यानंतर पुण्यावर या. २४ जानेवारी १९४३ रोजी चले जाव चळवळीतल्या भूमिगत तरुणांनी कॅम्पातल्या कॅपिटॉल सिनेमागृहात बॉम्बस्फोट केला. तिथे ब्रिटिश सैनिक सिनेमा पाहायला येत. तेच आजचं व्हिक्टरी. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथे सिनेमे पाहत मोठे झालेले असतात. विचारा: अल्जीअर्सच्या कॅफेबद्दल आत्ता जे बोललात, ते इथे लागू आहे का? ‘ते वेगळं’ असं उत्तर हमखास येईल. तिथेच धरा आणि वेगळं काय ते पूर्ण वाक्यात मांडायला लावा. प्रेक्षक सैनिक होते म्हणून? राज्य परकं होतं म्हणून? की तरुण आपले होते म्हणून? मला स्वतःला ते तरुण योग्य बाजूला उभे होते असं वाटतं आणि मी तसं सांगते. चर्चा चालवणाऱ्याने तटस्थ असल्याचा आव आणू नये. आपली बाजू सांगावी आणि तिला अवघड जाईल असा प्रश्नही आपणच आधी विचारावा.

माझं आजोळ वाळवा तालुक्यातलं. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ त्या भागात चाललं, आणि ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेतला पगाराचा खजिना लुटला. आजी रात्री भाकऱ्या थापून ज्वारीच्या कणसांखाली झाकून रानात पाठवायची, हे ती अभिमानाने सांगे. फितुरांना तळपायावर काठ्यांचे फटके बसत, हेही ती त्याच दमात सांगे. तुमच्या गटातल्या घराघरांत अशा आठवणी असतील, त्या मागवा. पण अट घाला: भाकरी सांगणाऱ्याने फटकेही सांगायचे.

एक सूचना राहिली. ‘कम अँड सी’, १९८५ सालचा एलेम क्लिमोव्हचा सिनेमा, पहिल्या काही महिन्यांत लावू नका. बेलारूसमध्ये माणसांसकट जाळलेल्या ६२८ गावांचा आकडा त्याच्या शेवटी पडद्यावर येतो आणि त्याआधीचे दोन-सव्वादोन तास माणूस पिळवटून निघतो. लहान मुलांना आत घेऊ नका, हे दारावरच लिहा. सिनेमा संपल्यावर चर्चा नको. चहा द्या, लोकांना घरी जाऊ द्या आणि पुढच्या रविवारी सकाळी बसा. तेव्हा पहिला प्रश्न त्या मुलाबद्दल विचारा: पार्टिझानांत जायला निघालेल्या फ्ल्योराने सुरुवातीला वाळूतून बंदूक उकरून काढली, तेव्हा त्याला थांबवावं असं तुम्हाला वाटलं होतं का, आणि किती वेळ?