मळ नको, झीज हवी: फुटपाथवरच्या जोडप्याचे कपडे कसे करावेत

बेघर जोडप्याची प्रेमकथा करायची ठरली की कपडेपटाला एकच हुकूम येतो: "डल करा. अजून डल करा." मग कोणीतरी कोरी साडी चहाच्या पाण्यात बुचकळतं, वरून मुलतानी माती फासतं, ब्लाउज खांद्यावर टरकावतं. कॅमेऱ्यापुढे जी उभी राहते ती फुटपाथवर संसार करणारी बाई वाटत नाही, मातीत लोळून आलेली नटी वाटते. मी कपडेपटात काम करते. आई लालबागला शिवणकाम करायची, त्यामुळे कापड कुठे आधी विरतं हे मला सिनेमाच्या आधीपासून ठाऊक आहे. शॉर्टफिल्म करणारी मुलं हल्ली हेच विचारायला येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

काहीही विकत घेण्याआधी एकदा उजाडायच्या आत भायखळ्याला किंवा दादरच्या पुलाखाली जा. कॅमेरा नको, फोनही खिशात. बायका अंधारातच आंघोळी उरकतात, साडीच्या आडोशाला, बहुतेकदा अंगावरच्या कपड्यांनिशी. मग धुणं. स्वस्त वडीचा साबण, दगडी कडेवर आपटून घासणं, आणि रस्त्याच्या दुभाजकावर वाळत घालणं, दिवसभर कडक उन्हात. हे कपडे अंगात चढतात तेव्हा मळलेले नसतात, झिजलेले असतात. रंग उडालेला, काठ विरलेला, शिवणीच्या आत मात्र मूळ रंग तसाच. हा आतबाहेरचा फरक पडद्यावर दिसला पाहिजे. अख्ख्या कपड्याला एकसारखा मातकट रंग दिलात की तो गेलाच.

पुढचा प्रश्न: माणूस काम काय करतो? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात मान्य केलं होतं की ही माणसं फुटपाथवर राहतात ती पोटापाण्याचं काम जवळ असतं म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. (निकालाने फुटपाथवरची घरं मात्र वाचवली नाहीत. पावसाळा संपेपर्यंतची मुदत मिळाली.) पटकथेत "बेघर" एवढंच लिहिलं असेल तर दिग्दर्शकाला परत पाठवा. नाक्यावरचा बिगारी असेल तर शर्ट उजव्या खांद्यावर विरेल आणि पँटच्या गुडघ्यांवर सिमेंट बसलेलं असेल. कचरा वेचणारी असेल तर पदर डाव्या बाजूला, पोत्याच्या घासणीने विरेल. केटररकडे भांडी घासणारा असेल तर बाह्या कोपरापर्यंत पांढुरक्या. झिजेची जागा कामाने ठरते, आपल्या हौसेने नाही.

कपडे जुनेच घ्या. कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी ते निवडून, धुऊन, डागडुजी करून पुन्हा विकतात. कामाठीपुऱ्याकडचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे भरतो आणि उजाडलं की चांगला माल संपलेला असतो. आणलेलं सगळं आधी धुण्याच्या सोड्यात उकळा आणि कडक उन्हात वाळवा. नटांच्या अंगाला खाज सुटली तर दिवस वाया जातो. फुटपाथवरच्या माणसाच्या अंगावरचा कपडा "ऑथेंटिक" म्हणून चार पैशांत उतरवून घ्यायचा प्रकार मी पाहिलाय. तो करू नका. प्रचाराचे आणि मॅरेथॉनचे टी-शर्ट अशा ठिकाणी खरंच खूप दिसतात, पण पडद्यावर खरा पक्ष किंवा कंपनी नको. छपाई स्वतःची करून घ्या.

आता हातचं काम. आधी आकार, मग झीज, रंग शेवटी.

शर्ट ओला करा, दोन्ही खिशांत मुठीएवढे दगड घाला आणि तसाच हँगरवर वाळवा. वाळला की खिसे लोंबतात, जणू वर्षानुवर्षं त्यात विडीबंडल, चावी, चिल्लर राहिलीय. बाही कोपराला दुमडून सुतळीने बांधा आणि बांधलेलीच वाळवा. सुरकुती पक्की बसते. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि कॉलरची घडी, कफाची कड, बटणपट्टी तेवढीच घासा. सुती असेल तर स्वयंपाकघरातली किसणी बेस्ट. घासताना कपडा उशीवर ओढून धरा, टेबलावर घासला की भोकच पडतं. टेरिकॉट झिजत नाही, त्याला गोळे येतात. तिथे तारेचा ब्रश हलक्या हाताने चालवा. काळा कपडा उन्हाने तांबूस पडतो, राखाडी नाही. ते हवं असेल तर ब्लीच अगदी पातळ करून, उघड्यावर, हातमोजे घालून लावा आणि नंतर हायपोच्या (म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यात बुडवून थांबवा, नाहीतर शूटिंगच्या मधेच कापड फाटेल. घामाच्या पांढऱ्या रेषा गडद शर्टावर मिठाच्या पाण्याने छान येतात: काखेत आणि पाठीवर स्प्रे करा, पंख्याखाली वाळवा, पुन्हा करा. चहा सुतीवर चांगला चढतो, तोही आधी चिंधीवर बघून घ्या. धूळ सगळ्यात शेवटी, सेटवर, चिमूटभर.

चपलेला विसरू नका. मी क्लोजअप मागते तो चपलेचाच. हवाई चप्पल, टाचेला अंगठा जाईल एवढं भोक, तुटलेला पट्टा तळाच्या भोकातून ओवून खालून सेफ्टी पिनने अडकवलेला. पिन गंजलेली हवी. नवी पिन रात्रभर मिठाच्या ओल्या फडक्यात ठेवून बघा. गंज चढला नाही तर वरचा मुलामा पॉलिश पेपरने खरवडून पुन्हा ठेवा.

आता प्रेम. हे कपड्यातून दाखवायचं तर गुलाबी रंग लागत नाही. कष्टकरी बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात, काम करताना. एकच शर्ट पहिल्या भागात त्याच्या अंगावर आणि पुढे तिच्या अंगावर आला, तिने बाह्या दुमडून, तुटलेल्या बटणाच्या जागी वेगळ्याच रंगाचं लावलेलं असलं की संवादाची अर्धी पानं वाचतात. दिग्दर्शकाला तिचा खांदा उघडा दिसायला हवा असतो. नाही म्हणा. उघड्यावर झोपणारी बाई अंग झाकायला धडपडते: परकराच्या आत सलवार, वर शर्ट, त्यावर घट्ट खोचलेला पदर. हा थर थंडीसाठी नसतो, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

बोचकं कपडेपटाकडेच ठेवा, आर्ट डिपार्टमेंटला देऊ नका. पालिकेची गाडी आली की सामान उचलून नेतात, म्हणून जे वाचवायचं ते आधीच बांधून ठेवलेलं असतं. आधार कार्ड आणि रेशनची कागदं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, तीन गाठी मारून. कारवाईच्या सीनमध्ये तो काय उचलतो आणि ती काय उचलते हे नटांना तालमीत ठरवू द्या. त्यानंतरच्या सगळ्या सीनमध्ये फक्त तेवढंच सामान राहील, हे तुमच्या तक्त्यात लिहून ठेवा: कारवाईआधी, कारवाईनंतर, पाऊस. पावसाच्या कपड्यांचे किमान तीन जोड, एकसारखे झिजवलेले, आणि प्रत्येकाचा समोरून, मागून, कॉलरचा फोटो.

पॅकअप झालं की डल केलेले कपडे "गरिबांना वाटून टाकू" असं कोणीतरी म्हणतंच. घासून विरवलेलं कापड कोणाला हवंय? डिसेंबरात त्यांना चादरी ढिगाने मिळतात, परकर आणि आतले कपडे कोणी देत नाही. ज्यांच्या फुटपाथवर चार दिवस शूटिंग केलं त्यांना ते कोरे घेऊन द्या, मापं विचारून. आणि हा खर्च पहिल्या बजेटमध्येच टाका. शेवटी मागितला तर प्रॉडक्शनवाला पैसे संपले म्हणतो.