घर उतरवायला शिडी लावण्याआधी

आमच्या धंद्यात घर पाडलं असं म्हणत नाहीत, उतरवलं म्हणतात. मी सुतार. केळशी, आंजर्ले, मुर्डी, हर्णै या पट्ट्यात सव्वीस वर्षं जुनी घरं दुरुस्त करतोय, आणि वेळ आली की उतरवतोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, आणि त्या दिवाळीपासून मला येणारे फोन बदलले. आधी घरमालक विचारायचे, वासे बदलायला किती लागतील? आता जमीन घेणाऱ्याचा माणूस विचारतो, दोन दिवसांत जागा मोकळी करून देता का?

असंच एक घर मी जानेवारी २०२१ मध्ये मोकळं करून दिलं. थोरल्या भावाची सही होती, मला तेवढी पुरेशी वाटली. शेवटचा खांब निघाला त्या संध्याकाळी बदलापूरहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिथे बंगले होणार होते. आज त्या जागेत घाणेरी माजलीय, भोवती तारेचं कुंपण आहे. घेणाऱ्याला बांधायचं नव्हतंच. रस्ता रुंद होईल, भाव चढेल, तोवर जमीन धरून ठेवायची, एवढाच बेत. आणि धरून ठेवायला मोकळी जमीन सोयीची. घर उभं असलं की गणपतीला माणसं येतात, कुलूप उघडतात, आपला हिस्सा त्यांना आठवतो.

तेव्हापासून मी कागद बघितल्याशिवाय शिडी लावत नाही. तुम्हीही लावू देऊ नका.

आधी नावं बघा. जमिनीचा सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढा. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. ग्रामपंचायतीचा नमुना आठ वेगळा, तो घरपट्टीचा उतारा. गावात राहणारा काका वर्षानुवर्षं घरपट्टी भरतो म्हणून त्यावर त्याचं नाव असतं, पण तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही. बहिणींची नावं कागदावर नसली तरी हक्क संपत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. आधी रीतसर वाटप झालेलं नसेल तर २००५ साली वडील हयात नव्हते या कारणाने तो नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. मुस्लिम घरांत वारसाचा हिशेब वेगळा, पण मुलीचा वाटा तिथेही आहेच.

एका भावाने आपला हिस्सा परस्पर विकला असेल तर घाबरून जाऊन घर उतरवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणारा परका माणूस घरात येऊन तुमच्यासोबत ताबा मागू शकत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ तुम्हाला त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घ्यायची मुभा देतं. दोन्ही ठिकाणी शब्द आहे राहतं घर. घरच उरलं नाही तर या कलमांना धरायला काय उरतं? घेणाऱ्याला पाडायची घाई का असते, ते मला हे कळल्यावर उमजलं.

दुसरं, जोतं. समुद्रालगतच्या घरांसाठी मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. गाव दाट वस्तीचं नसेल तर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमाने नवं घर बांधता येत नाही. मात्र अधिकृत जुनं घर असेल तर दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, तीही जुन्या जोत्याच्या आणि जुन्या चटईक्षेत्राच्या मर्यादेत. म्हणजे तुमचं जुनं जोतं हाच तुमचा पुरावा. ते उकरून डंपरमध्ये भरलं की उद्या इथे घर होतं हे तुम्ही कशावर दाखवणार? म्हणून एक कौलही हलायच्या आत टेप धरून जोत्याची लांबी, रुंदी, ओटी-पडवीची मापं, आढ्याची उंची लिहून काढा. चारही बाजूंनी फोटो काढा, त्यात विहीर, गडगा, शेजारचं घर दिसू द्या. नमुना आठचे जितके जुने उतारे मिळतील तितके घ्या, विजेची जुनी बिलं जपा. आणि नव्या बांधकामाची परवानगी हातात येईपर्यंत जोत्याला जेसीबीचा दात लागू देऊ नका.

तिसरं, जमीन घेणाऱ्याशी होणारा करारनामा. तो वकिलाकडून वाचून घ्या, माझ्याकडून नाही. पण तीन गोष्टी मी प्रत्येकाला सांगतो. आधी परवानगी, मग उतरवणं, हा क्रम करारात लिहून घ्या. काम अमुक महिन्यांत सुरू झालं नाही तर करार रद्द होऊन ताबा परत, हेही लिहा. आणि रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र देऊ नका, कारण त्या एका कागदावर तुमची जागा तिसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. नोटरीच्या कागदावर भागवू नका, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त आणि विकायची घरं आठाहून अधिक असतील तर प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो. तो मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

हे सगळं झालं आणि घर खरंच उतरवायचं ठरलं, तर ते दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आत काढा. पावसात भिजलेली माती भिंतीसकट बसते. आधी देव हलवा, मग वीज तोडून घ्या आणि त्याची पावती ठेवा.

मालाची यादी उतरवण्याआधी करायची. खांब किती, तुळया किती, दारं, चौकटी, कौलं. आमच्याकडे पुष्कळ ठेकेदार मजुरी घेत नाहीत, माल त्यांचा या बोलीवर काम करतात. ऐकायला फुकट वाटतं. सागाच्या दोन तुळयांची किंमत विचारून बघा, मग ठरवा. मी मजुरी घेतो, माल घरवाल्यांचा.

सुरुवात आढ्यावरच्या कोन्यांपासून, म्हणजे माथ्यावरच्या कौलांपासून. मग दोन्ही पाखांवरची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरची, कौलं वरून खाली, बरोबरीने काढत यायची. एकच बाजू मोकळी केली तर दुसरीच्या वजनाने वासे कलतात. कौलावर पाय देऊ नका, आडवी फळी टाका. खाली आलेली कौलं एकमेकींना टेकवून उभी लावा, आडवी रचली तर खालची फुटतात. पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडू नका, पाणी मारून अख्खे उतरवा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

रिपा, वासे, आढं निघालं की प्रत्येक तुळई-खांबावर रंगाने आकडा घाला, तोच आकडा कागदावरच्या नकाशात. खांबाचं टोक तुळईत बसलेलं असतं, ते करवतीने कापायचा मोह होतो. कापलं की खांब वीतभर आखूड झाला, मग तो कुठेच बसत नाही. लाकडी खुंटी मागून ठोकून काढा, वेळ लागू दे. मातीत रचलेले चिरे हाताने अख्खे सुटतात. जेसीबीने भिंत लोटली तर अर्धे तुकडे होतात. लाकूड चिऱ्यांवर उचलून ठेवा, जमिनीला टेकलं तर एका पावसात वाळवी चढते.

विहिरीवर शेजाऱ्याची वहिवाट असेल, परसातून कुणाची पाणंद जात असेल, तर ती करारात लिहा. शिमग्यात पालखी तुमच्या अंगणात बसत असेल तर ती जागाही नकाशात दाखवा. त्या बदलापूरच्या बाईंच्या घरी पालखी बसायची. गेली काही वर्षं ती कुंपणाबाहेर रस्त्यावर थांबते, गावकरी तिथेच नारळ देतात, आणि बाई त्या दिवशी बदलापूरहून येऊन तारेपाशी उभ्या राहतात.

घेणाऱ्याचा माणूस म्हणेल, परवानगी आठ दिवसांत येतेय, तुम्ही कौलं तेवढी काढून ठेवा. कौलं निघाली की एका पावसात घर जातं. तेव्हा किल्ली स्वतःकडे ठेवा आणि यंदाची घरपट्टी भरून पावती घ्या.