बायोकेमिस्ट्रीत करिअर करायचे असेल, तर या चुका टाळा

नीटमध्ये अपेक्षित गुण न मिळालेले अनेक विद्यार्थी बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीकडे (जीवरसायनशास्त्राकडे) वळतात. हा निर्णय चुकीचा नाही. पण रसायनशास्त्र आणि गणित बारावीबरोबर मागे पडले, ही त्यासोबतची समजूत मात्र पुढे फार महागात पडते. विकरांच्या (एन्झाइमच्या) क्रियेचा वेग अभ्यासताना मायकेलिस-मेंटेन समीकरण, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) बनवताना हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण आणि द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजताना बीअर-लॅम्बर्ट नियम पदोपदी लागतो. गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरातही रसायनशास्त्राचा २५ गुणांचा विभाग सर्वांना अनिवार्य असतो. ज्यांचा हा पाया कच्चा आहे, त्यांनी दुसऱ्या वर्षापर्यंत ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग आणि सेंद्रिय अभिक्रियांची यंत्रणा नव्याने शिकून घ्यावी आणि मोलॅरिटीची (द्रावणाच्या संहतीची) गणिते तयार तक्त्यावर विसंबून न राहता स्वतः सोडवावीत. पदवीला रसायनशास्त्र सोडण्यापूर्वी, आपल्याला हव्या असलेल्या विद्यापीठाच्या एम.एस्सी. प्रवेशाच्या अटी वाचणे तर अत्यावश्यकच आहे.

दुसरी चूक म्हणजे रुग्णालयाची वाट आणि संशोधनाची वाट एकच समजणे. एम.डी. बायोकेमिस्ट्री हा एमबीबीएसनंतर नीट-पीजीद्वारे मिळणारा अभ्यासक्रम आहे. डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री ही आणखी वेगळी वाट आहे. त्यामुळे कुठे काम करायचे हे आधी ठरवून मगच प्रवेशअर्ज भरावा.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेचा अनुभव एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रावर ढकलणे, ही माझ्या मते सर्वांत नुकसानकारक चूक आहे, कारण तोवर संशोधन आपल्याला मानवते की नाही, हे कळायलाही उशीर झालेला असतो. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून देत असलेल्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी पदवीच्या काळातच अर्ज करावा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या संस्था आहेत. तेथील शास्त्रज्ञांना एकच ठरावीक मजकूर पाठवण्याऐवजी त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, आपल्याला त्यात नेमके काय शिकायचे आहे ते चार ओळींत लिहावे.

सीएसआयआर-नेट या संशोधन पाठ्यवृत्तीसाठीच्या पात्रता परीक्षेच्या तयारीत बायोकेमिस्ट्रीचे विद्यार्थी परिसंस्था आणि उत्क्रांती हे घटक ‘आपले नाहीत’ म्हणून वगळतात, आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) थोड्या गुणांनी हुकण्याची वेळ स्वतःवर आणतात. जेआरएफ मिळाली, म्हणजे दरमहा ३७,००० रुपयांची पाठ्यवृत्ती मिळण्याची सोय होते; पीएच.डी.ची जागा मात्र संस्थेच्या मुलाखतीतूनच मिळवावी लागते. या मुलाखतीत प्रश्न बहुधा उमेदवाराच्या स्वतःच्या प्रकल्पावर येतात: हाच बफर का निवडला, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता ठेवला, निष्कर्ष उलटा आला असता तर पुढचा प्रयोग कोणता केला असता? या प्रश्नांची उत्तरे प्रकल्प सुरू असतानाच वहीत लिहीत जावीत.